तुर्बेकची वास्तू: दफ्तरानं शोधली की फावड्यानं?

जुनी_वही
सप्टेंबर 1566 मध्ये हंगेरीतल्या सिगेटवारच्या वेढ्यात ऑटोमन तुर्कांचा सुलतान सुलेमान छावणीतच वारला. पुढं तिथं तुर्बे (घुमटाची समाधी), मशीद आणि दर्वेशांचा (सूफी फकिरांचा) मठ उभा राहिला, भोवती वस्ती झाली. ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या फौजांनी मुलूख घेतल्यावर 1690च्या दशकात सगळं पाडलं. नंतर जागाच विसरली गेली. सिगेटवारजवळच्या तुर्बेक गावच्या चर्चखाली समाधी आहे ही समजूत इतकी पक्की, की 1913 साली तिथं पाटीही लागली. हंगेरीतल्याच पेच शहराच्या विद्यापीठातल्या नॉर्बर्ट पाप यांच्या गटानं जुने नकाशे आणि कागदपत्रं चाळून बोट ठेवलं ते दुसऱ्याच टेकडीवर, द्राक्षमळ्यात. माझं म्हणणं, शोध तिथंच लागला. खोदाई नुसती खात्रीपुरती.

खापरखुंट
अजिबात पटत नाही. ती पाटी लावणाऱ्यांनाही खात्रीच होती की! नकाशा काढणारा अंतर डोळ्यांनी मोजायचा, प्रवासवर्णन लिहिणारा ऐकीव गोष्ट रंगवायचा. 2015-16 मध्ये मक्केच्या दिशेला रोख असलेल्या भिंतींचे पाये निघाले, तेव्हा कुठं दाव्याला जीव आला.

जुनी_वही
आणि तो मळाच का खणला? शेकडो एकर टेकड्या आहेत तिथं. फावडं आपणहून चालत गेलं नाही.

खापरखुंट
बरं, जागा तुमची. नाव कुणाचं? ‘सुलतानाचं काळीज इथं पुरलंय’ असं जो तो छापतोय. काळीज कुणाला सापडलंय?

मधलाच_कोणीतरी
इथं खापरखुंटांशी सहमत. मृत्यूची बातमी फौजेपासून लपवली होती, त्यामुळं देह काही काळ तंबूखालीच पुरून ठेवला, मग इस्तंबूलला नेला. काळजाची कथा बरीच नंतरची. म्हणजे तुर्बे मृत्यूच्या जागेची खूण म्हणूनही बांधलेली असू शकते. बातम्यांना मात्र काळीजच हवं, पायाच्या विटांना कोण विचारतो!

जुनी_वही
काळजाचा हट्ट मी सोडला. पण तुर्बे, मशीद, मठ ही तिन्ही कागदावर होती आणि तिन्ही जमिनीखाली निघाली. एखादी बेवारस भिंत सापडली असती तर मीही गप्प बसलो असतो.

खापरखुंट
तिन्हींचं मान्य. पाटी बदलायची तर ‘समाधी’ लिहा, ‘काळीज’ नको.