चार्ल्स्टनमध्ये (अमेरिकेतलं साउथ कॅरोलिना) एकच जुनं घर बघायचं तर
कुणी नेथॅनियल रसेल हाऊस सुचवलं तर ते बरोबरच आहे, १८०८ चं घर, तो तीन मजले आधाराशिवाय तरंगत जाणारा गोल जिना बघण्यासारखाच आहे. पण वेळ एकाच घरापुरता असेल तर मी एकन-रेट हाऊसच सांगेन. १८२० च्या सुमाराचं हे घर मुद्दाम नवं करून सजवलेलं नाहीये, जसं हाती आलं तसंच सांभाळलंय, वॉलपेपरचे पोपडे निघालेत, रंग उडालाय, आणि त्यामुळेच ते खरं वाटतं. कानाला ऑडिओ लावून आपल्या गतीने फिरायचं, कुणी घाई करत नाही. मागच्या अंगणात मात्र भरपूर वेळ द्या, तिथे खाली स्वयंपाकघर आणि धुण्याची जागा आणि वर गुलाम माणसांच्या राहायच्या खोल्या आहेत, त्या बघून मग पुढच्या दिवाणखान्यातली झुंबरं बघितली की ती कुणाच्या कष्टावर लटकत होती हे वेगळं सांगावं लागत नाही.

चाल्मर्स स्ट्रीटवरचं ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम पण सोडू नका. १८५६ मध्ये शहराने रस्त्यावर उघड्यावर माणसं विकायला बंदी केली, म्हणजे विक्री थांबली नाही, फक्त आत गेली, त्यातूनच ही जागा आली. छोटंसं आहे पण वाचायला खूप आहे. गॅड्सडेन्स व्हार्फ या जुन्या धक्क्यावरचं इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम २०२३ मध्ये उघडलं, जिथे गुलाम करून आणलेली माणसं जहाजातून उतरवली जायची त्याच जागी, त्याला वेगळा अर्धा दिवस ठेवा. उन्हाळ्यात जाणार असाल तर घरं सकाळीच उरका, दमट उकाडा फार असतो.