माळावरचं गवत: आत्ता कापावं की थांबावं?

माळकरी_पुरंदर
नमस्कार मंडळी. पुरंदरच्या पूर्वेला आमची सात एकर मुरमाड पड आहे, नांगर कधी लागलेला नाही. यंदा गवत कमरेला लागलंय. सपाटीला शेडा, मारवेल, उताराला कुसळी. दरवर्षी दसऱ्यानंतर विळ्यानं कापणी असते, पण यंदा मजूर मिळेनात. एक गडी ब्रश कटरनं आत्ताच, सप्टेंबरात, सगळं सपाट करून देतो म्हणतोय. वडील म्हणतात गवत निसवलंय, आता कापलं तरच वैरणीला कस. पण आत तित्तर ओरडतात, काल एक लावा पायाखालून उडाला. वरच्या अंगाला कंदीलपुष्पाचे वेल आहेत. गुरं तर जगली पाहिजेत, काय करू?

गवत्याकाका
वडिलांचं खरं आहे. फुलोरा सरला की प्रथिनं उतरतात, उरते काडी. पण दरवर्षी बी धरायच्या आत सगळं कापलंत आणि वर गुरंही सोडलीत, तर शेडा-मारवेल मागं पडतं आणि कुसळी चढते. मग वडीलच कुरकुरतील.

तेव्हा कुसळीचा उतार आत्ता घ्या, कुसळं पिकायच्या आत. नंतर ती मेंढरांच्या लोकरीत आणि गुरांच्या तोंडात घुसतात. शेड्याला हात लावू नका, बी झडू द्या. दिवाळी होईल, होऊ दे. ती वैरण जरा हलकी पडेल, पेंड थोडी वाढवा. आणि एकर-दीड एकर यंदा कापूच नका, पुढच्या साली दुसरा तुकडा सोडा.

यंत्राला माझी हरकत नाही, घोटाळा फेऱ्यांचा आहे. गडी बांधाकडून गोल गोल आत येतो, सगळे जीव मधे कोंडतात आणि शेवटच्या फेरीत सापडतात. मधून सुरू करून बाहेर यायला सांगा. बुडखा अर्धी वीत तरी ठेवा, फूटही लवकर येते. आदल्या दिवशी दोघांनी दोरी ताणून गवतावरून फिरवा; पाखरू उठेल तिथं काठी रोवून भोवतीचं गवत सोडा. सशाचं पिल्लू मात्र दोरीला उठत नाही, दबून बसतं. त्याच्यासाठी पुढं एक माणूस चालताच हवा.

भोवत्या
काका, सोडायचा तुकडा मधोमध असावा असं मला वाटतं. थंडीत भोवत्या हे शिकारी पक्षी मध्य आशियाकडून येतात आणि झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवर रात्र काढतात. बांधालगत कुत्री फिरतात.

वाशिमकर
आमच्याकडे वाशिम-अकोल्यात तणमोर हा दुर्मिळ पक्षी याच गवतात पावसाळ्यात अंडी घालतो. काही फासेपारधी वस्त्यांनी त्याच्यासाठी कुरणं राखली आहेत. मध्य प्रदेशात सैलाना आणि सरदारपूरला 1983 मध्ये त्याच्यासाठी अभयारण्यं झाली. पुरंदरात तणमोर नसेल, पण जमिनीवर घरटं करणाऱ्या सगळ्यांची अडचण तीच. आणि दादा, "माळ ओसाड पडलाय, झाडं लावा" म्हणत कोणी गिरिपुष्पासारख्या परदेशी झाडांची रोपं घेऊन आलं तर चहा पाजून परत पाठवा.

माळकरी_पुरंदर
मधे गवत उभं ठेवलं तर मधून सुरुवात कशी करायची? शिवाय उन्हाळ्यात वणवा लागला तर?

गवत्याकाका
भोवत्याचं बरोबर आहे. मधला तुकडा यंदा उभा राहणार असेल तर उलटं करा: बांधाकडून त्याच्याकडे कापत या, जीव सरकत तिथं जातील. फक्त त्याच्या कडेला चुना मारा, नाहीतर गडी हौसेनं तोही उडवेल.

वणव्यासाठी दहा-बारा फुटांचा पट्टा बांधाच्या आतून सगळीकडे जमिनीलगत कापा, वाळलेलं उचलून गंजीला लावा. तिथं बुडखा नको. हे दिवाळीनंतर. कंदीलपुष्पाच्या शेंगा तडकेपर्यंत वरचं अंग तसंच राहू द्या. वेल वाळला तरी खाली कंद जिवंत असतो, तेवढं तिथं कुदळ मारू नका.