मदत हवी आहे : ढगांमुळे जमिनीलगतचा हवेचा थर कसा बदलतो?
नमस्कार मंडळी, मी जळगावचा, एमएस्सीला आहे. मे महिन्यात इकडची जमीन तापली की दुपारी हा जमिनीलगतचा थर, म्हणजे सीमा थर, 2-3 किलोमीटरपर्यंत वर जाऊ शकतो. कापसाच्या बोंडासारखे छोटे ढग थरातली वाफ वर नेतात, वरची कोरडी हवा खाली मिसळते नि थर अजून वाढतो, इथपर्यंत कळलं. पण वळवाचा मोठा ढग आला की पावसाचं थोडं पाणी हवेतच सुकतं, गार जड हवा धाडकन खाली येऊन पसरते अन थर एकदम उथळ होतो, बरोबर ना? मग तो परत कसा उभा राहतो, आणि त्या गार हवेच्या कडेलाच नवे ढग का फुटतात? आमच्या रावेर-यावलकडच्या केळीबागा आडव्या करतं ते वारं हेच का? कुणीतरी सोपं करून सांगा ना, प्लीज.