बाबांबद्दल बोलायचंय, पण "कष्टाळू होते" च्या पुढे गाडीच जात नाही

संथपाणी
बाबा जाऊन 3 महिने झाले. पुढच्या महिन्यात घरचे सगळे जमणार आहेत आणि मला त्यांच्याबद्दल 10 मिनिटं बोलायला सांगितलंय. रोज रात्री लिहायला बसते, पहिलं वाक्य लिहिते "बाबा फार कष्टाळू होते" आणि तिथेच अडते. भेटायला आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणाला आणि ते खरंच आहे, पण हे तर कोणाच्याही वडिलांबद्दल म्हणता येईल ना.

ते शेतावर वाढले, विशीच्या आत कारखान्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच होते. मी पाहिले ते कारखान्यातले बाबा, शेतावरचा मुलगा मला माहीतच नाही, कारण स्वतःबद्दल ते कधी बोललेच नाहीत. विचारलं तर म्हणायचे "काय सांगायचं, काम करायचो". माझ्याकडे आहेत त्या फक्त त्यांच्या सवयी. कुंडीला पाणी घालायच्या आधी माती मुठीत दाबून बघायचे. वाकडे खिळे ठोकून सरळ करून डब्यात ठेवायचे. उठल्यावर कोणाशी बोलायच्या आधी दार उघडून आभाळ बघायचे. आणि कुठलीही गोष्ट झाली की "परत मोजून बघ", सुटे पैसे असोत नाहीतर माझे मार्क, मला लहानपणी याचा इतका राग यायचा.

एवढ्यावर 10 मिनिटं कशी बोलू? कोणी असं लिहिलं असेल तर प्लीज सांगा.

जुनी_वही
ताई, तुमच्याकडे भरपूर आहे, फक्त ते तुम्हाला किरकोळ वाटतंय. "कष्टाळू" हा शब्द काढून टाका आणि ते काय करायचे तेवढंच सांगा.

ती माती दाबून बघण्याची सवय घ्या. शेतात त्याला वाफसा बघणं म्हणतात. पाऊस झाला की लगेच नांगर घालत नाहीत. मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर भुसभुशीत फुटला तर वाफसा आला, हाताला चिकटून राहिला तर थांबायचं. ओल्या रानात घाई केली तर माती दाबली जाते, वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात आणि मुळांना तो सगळा हंगाम त्रास होतो. आणि फार थांबलं तर ओल निघून जाते. म्हणजे हातात कधीकधी दोनच दिवस, आणि त्या दोन दिवसांत दिवसरात्र मरमर. तुमचे बाबा कामाला वाघ असतील हे सगळ्यांनी पाहिलं, पण ते थांबायला कुठे शिकले हे त्या कुंडीतून दिसतं. मला तर ते सरळ खिळ्यांपेक्षा मोठं वाटतं.

पहाटेचा_दिवा
माझे वडील शेवटपर्यंत शेतकरीच होते म्हणून थोडं वेगळं सांगतो. बोलताना त्यांना देव करू नका. आमच्याकडे दुभती जनावरं होती, दोन वेळा धार काढायची म्हणजे वर्षाचे सगळे दिवस काढायची, आजारी असा नाहीतर घरात लग्न असो, एखादी वेळ चुकली तर कास तटतटते, जनावराला दुखतं आणि दूधही कमी होतं. गाय व्यायला आली की वडील रात्र रात्र गोठ्यात, साधारण नऊ महिने झाले की त्यांचे कान तिकडेच. माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला ते आले नाहीत. एकाही. मी खूप वर्षं रागात काढली आणि ते गेल्यावर त्यांच्यावर लिहिताना ही गोष्ट गाळली, सगळे छान छान म्हणाले पण आई म्हणाली हे तुझे वडील वाटत नाहीत. मग दुसऱ्यांदा लिहिलं, त्यात ती रिकामी खुर्ची पण लिहिली आणि गोठा पण. तेव्हा आई रडली. राग असेल तर तोही येऊ द्या, तुमचा "परत मोजून बघ" वाला राग सोडू नका.

धांडोळा
त्यांची भावंडं आहेत का कोणी? असतील तर आजच फोन करा, उद्यावर टाकू नका, मी टाकलं आणि काका गेले. "बाबा कसे होते" असं विचारू नका, त्याचं उत्तर "चांगला होता" एवढंच येतं. विचारा की उठल्यावर पहिलं काम कोणतं असायचं, ते कोणाचं होतं, पाणी कुठून आणायचे, कशावरून ओरडा खायचा. मोबाईलवर रेकॉर्ड करा, त्यांना आधी सांगून. जुने फोटो असतील तर समोर ठेवून कोण कोण आहे ते मागे मऊ पेन्सिलने कडेला लिहून ठेवा, बॉलपेनने नको, दाबलेलं पुढे उमटतं.

संथपाणी
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल आत्याशी दीड तास बोलले, रेकॉर्ड पण केलं.

आत्या म्हणाली पेरणीच्या आधी बियाणं तपासायचं काम बाबांकडे होतं, नऊ-दहा वर्षांचे असल्यापासून. ओल्या गोणपाटावर 10 च्या 10 ओळी असे 100 दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचं, रोज पाणी शिंपडायचं आणि आठवड्याने किती उगवले ते मोजायचं. 70 च्या वर आले तर ठीक, थोडे कमी असले तर पेरताना बियाणं जास्त वापरायचं. एका वर्षी 40 पण आले नाहीत. आजोबांना वाटलं पोराने गोणपाट वाळू दिलं, खूप मारलं त्यांना. बाबा काही बोलले नाहीत, रात्री दुसरे 100 दाणे घेऊन परत मांडले आणि आठवडाभर त्या गोणपाटाशेजारीच झोपले. परत तेवढेच आले. साठवलेल्या बियाण्याला ओल लागली होती. ते पेरलं असतं तर वर्ष गेलं असतं. आजोबा चुकलो म्हणाले नाहीत, पण पुढच्या वर्षीपासून बियाणं निवडायला बाबांना बरोबर न्यायला लागले.

मला आठवीत गणितात फार कमी मार्क पडले होते. सगळे ओरडत होते. बाबा पेपर घेऊन माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले "परत मोजून बघू". एका पानाचे मार्क बेरजेत धरलेच नव्हते.

सुरुवात इथूनच करणारे. आत्याला रविवारी परत फोन करायचाय, पाणी कुठून आणायचे ते विचारायचं राहिलं.