मदत हवी आहे : सासरच्या जर्मन घराण्याचे मूळ गाव कसे शोधावे?

माझ्या यजमानांचे घराणे विस्कॉन्सिनमधले असून त्यांचे खापरपणजोबा १८५० च्या दशकात ब्रेमेन बंदरातून अमेरिकेत आले, असे सासूबाई सांगतात. ब्रेमेनच्या त्या काळातील प्रवासी याद्या बहुतांशी नष्ट झाल्या आहेत. १८६० च्या जनगणनेत त्यांचे जन्मस्थान ‘मेक्लेनबुर्ग’ (उत्तर जर्मनीतला एक प्रदेश), तर १८८० च्या जनगणनेत ‘प्रशिया’ (त्या काळचे मोठे जर्मन राज्य) असे नोंदलेले आहे. मेक्लेनबुर्ग प्रशियाचा भाग कधीच नव्हता, त्यामुळे यांपैकी एक नोंद चुकीची असणार.

आता खरा आधार उरला आहे तो ल्यूथरन चर्चच्या मृत्यूनोंदवहीतील एका पानाचा. ते कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलेखनाच्या लिपीत आहे आणि तिच्यात ‘ई’ व ‘एन’ ही रोमन अक्षरे इतकी सारखी दिसतात की गावाचे नाव ‘नॉयेनडॉर्फ’ असावे, एवढेच मला लागले. पण या नावाची गावे उत्तर जर्मनीत पुष्कळ आहेत.

कुरेंट वाचता येणारे कोणी ते पान पाहून देईल का? तसेच, एका गावचे लोक अनेकदा परदेशातही शेजारी वसत, म्हणून बाप्तिस्म्याच्या साक्षीदारांची मूळ गावे शोधून कोणी आपल्या कुटुंबाचे गाव निश्चित केले असल्यास कृपया सविस्तर सांगावे. सासूबाईंना आपल्या माणसांचे गाव एकदा पाहायचे आहे.