व्हीएम (सर्व्हरमधला आभासी संगणक) बंद पडल्यावर विंडोज सर्व्हरचे लायसन्स आणि कॅल (वापरकर्त्यांचे प्रवेश परवाने) नव्या व्हीएमवर कसे न्यावेत?

मार्केटयार्ड_सांगली
नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. कार्यालयात एकच सर्व्हर असून त्यावर व्हीएम चालवणारे हायपर-व्ही आहे. त्यातील एका व्हीएममध्ये विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्डवर हिशेबाची प्रणाली आहे आणि पेढी व गोदामातील मंडळी रिमोट डेस्कटॉपने त्यावर काम करतात. वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला आणि त्या व्हीएमची डिस्क फाइल इतकी खराब झाली की व्हीएम सुरूच होत नाही. डेटाचा बॅकअप वेगळा असल्याने त्याच होस्टवर (मूळ सर्व्हरवर) नवी व्हीएम उभी केली. मात्र विंडोज ॲक्टिव्हेट करताना लायसन्स कीची मर्यादा संपल्याचा संदेश येतो आणि रिमोट डेस्कटॉपचे १० यूझर कॅल जुन्या व्हीएममध्येच अडकले आहेत. सर्व खरेदी व्हॉल्यूम लायसन्सची (संस्थेच्या नावे कराराने घेतलेली) असूनही आमचे पुरवठादार सगळे नव्याने घ्या म्हणतात. अधिकृत मार्ग कोणता?

मिरज_नेटवर्क
कृपया नवे काहीही विकत घेऊ नका. विंडोज सर्व्हरचे लायसन्स सहसा व्हीएमला दिलेले नसते. ते भौतिक सर्व्हरला, त्यातील कोअर (प्रोसेसरमधले गणन करणारे भाग) मोजून दिलेले असते. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरावे लागतात. सगळ्या कोअरचे लायसन्स असले की स्टँडर्ड आवृत्तीत त्या सर्व्हरवर दोन व्हीएम चालवण्याचा हक्क मिळतो. आपला होस्ट तोच आहे, त्यामुळे जुन्या व्हीएमच्या जागी नवी आली एवढेच घडले. हस्तांतराचा प्रश्नच उद्भवत नाही. उरला तो ॲक्टिव्हेशनचा. आपली की एमएके प्रकारची, म्हणजे एकच की ठरावीक वेळा वापरता येणारी दिसते. अशा कीवर प्रत्येक ॲक्टिव्हेशन मोजले जाते आणि बंद पडलेल्या व्हीएमचे ॲक्टिव्हेशन आपोआप परत जमा होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हॉल्यूम लायसन्सिंग विभागाला करार क्रमांक आणि कारण लेखी कळवून मर्यादा वाढवून मागावी.

कराड_सिस्टीम्स
कॅलबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण अनेकांचे काम इथेच अडते. नव्या व्हीएमवर रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंगची भूमिका बसवून कॅल सांभाळणारा लायसन्स सर्व्हर ॲक्टिव्हेट करा. नंतर आरडी लायसन्सिंग मॅनेजरमधील ‘मॅनेज लायसन्सेस’ उघडून कॅल दुसऱ्या लायसन्स सर्व्हरवरून इकडे आणण्याचा पर्याय निवडा आणि मूळ लायसन्स सर्व्हर आता चालत नाही, हे कारण द्या. जुना सर्व्हर नेटवर्कवर सापडत नसल्याने त्याची विंडोज आवृत्ती आणि लायसन्स सर्व्हर आयडी विचारला जातो, तसेच जुन्या ठिकाणचे कॅल काढून टाकण्याची जबाबदारी मान्य करून घेतली जाते. तेव्हा ती खराब व्हीएम दुरुस्त झाली तरी पुन्हा जोडू नका. नवी व्हीएम २०१९ किंवा त्यापुढील आवृत्तीचीच हवी, कारण २०१६ च्या लायसन्स सर्व्हरवर २०१९ चे कॅल बसत नाहीत. नव्या सेशन होस्टला (मंडळी रिमोट डेस्कटॉपने ज्यावर काम करतात त्या सर्व्हरला) लायसन्स सर्व्हरशिवाय चालण्याची १२० दिवसांची सवलत मिळते, त्यामुळे तोवर सौद्यांची कामे थांबणार नाहीत.

गावभाग_सांगली
वरील उत्तरे होस्ट शाबूत असेल तरच लागू पडतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचा सर्व्हरच पाण्याखाली गेला. त्यावरच्या विंडोजचे लायसन्स ओईएम, म्हणजे यंत्रासोबतच आलेले होते. ते त्या यंत्रापुरतेच असते, म्हणून नव्या यंत्रावर नेता आले नाही. व्हॉल्यूम लायसन्स दुसऱ्या यंत्रावर नेता येते. एरवी एकदा दिल्यावर ९० दिवस ते हलवता येत नाही, परंतु हार्डवेअर कायमचे निकामी झाले असेल तर ही अट आड येत नाही. म्हणून लायसन्स ओईएम की व्हॉल्यूम, हे खरेदीच्या वेळीच बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे. तोंडी आश्वासन अशा वेळी उपयोगी पडत नाही.

मार्केटयार्ड_सांगली
सर्वांचे मनापासून आभार. बिलाच्या फाइलमध्ये करार क्रमांक मिळाला. मर्यादा वाढवून मिळताच विंडोज ॲक्टिव्हेट झाले. लायसन्स सर्व्हर आयडी जुन्या बसवणीच्या कागदांत निघाला, तो भरल्यावर दहाही कॅल नव्या व्हीएमवर दिसू लागले. जुनी व्हीएम होस्टवरून काढून टाकली आहे.