मदत हवी आहे: हार्डवेअर वॉलेटच्या खोक्यात चोवीस शब्द आधीच छापून आले आहेत, ते वापरावेत का?

नमस्कार.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो असून साताऱ्यात राहतो. २०२१ मध्ये पुतण्याच्या सांगण्यावरून मी थोडेथोडे करून ०.०८ बिटकॉइन घेतले. ते आणि थोडे यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेले क्रिप्टो नाणे) एका भारतीय एक्स्चेंजवरील, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरील, खात्यात तेव्हापासून पडून आहेत. दरमहा १० टक्के आणि तेही १८ महिने देऊ, असे गेनबिटकॉइनवाल्यांचे आमिष पुण्यापासून सगळीकडे फिरत होते त्या काळातही मी त्या वाटेला गेलो नव्हतो, त्यामुळे आपण सावध आहोत असा माझा समज होता. गेल्या आठवड्यात तो थोडा डळमळला, म्हणून हा धागा.

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरचे क्रिप्टो चोरीला गेले आणि तेथील ग्राहकांना आपले क्रिप्टो वर्षाहून अधिक काळ बाहेर काढता आले नाही. माझे तेथे काहीही नव्हते. तरीही एक्स्चेंजच्या पडद्यावर दिसणारा आकडा म्हणजे माझ्या कपाटातील वस्तू नव्हे, तर कोणीतरी मला देणे लागतो याची फक्त नोंद, हे तेव्हापासून मनात बसले आहे. म्हणून स्वतःजवळ ठेवता येईल असे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोच्या किल्ल्या जपून ठेवणारे छोटे यंत्र, घ्यावे असे ठरवले आणि एका ऑनलाइन बाजारपेठेवरील विक्रेत्याकडून, इतरांपेक्षा बरेच स्वस्त मिळाले म्हणून, मागवले.

खोके व्यवस्थित आले. वरचे पारदर्शक वेष्टन कोठेही फाटलेले नव्हते. आत यंत्र, एक छोटी केबल आणि जाड कागदाचे एक कार्ड होते. मोबाइलच्या रिचार्ज कुपनावर असायचा तसा करडा, खरवडायचा थर त्या कार्डावर होता. नाण्याने खरवडल्यावर खाली क्रमांक घातलेले २४ इंग्रजी शब्द दिसले. सोबतच्या पत्रकात ‘हे शब्द यंत्रात भरा आणि वापर सुरू करा’ अशी सूचना होती. खरे सांगायचे तर मला त्यात काहीही वावगे वाटले नाही, कारण बँकेकडून एटीएमचा पिन वर्षानुवर्षे असाच बंद पाकिटात येत असे आणि पाकीट न फाटलेले असणे हीच आपल्या दृष्टीने खात्री असे. शब्द भरले, वॉलेट सुरू झाले, बिटकॉइन घेण्यासाठीचा पत्ताही दिसला. पूर्ण रक्कम पाठवण्याच्या अगदी तोंडावर मुलीने विचारले, ‘बाबा, हे शब्द छापणाऱ्यालाही माहीत असतील ना?’ त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुतण्या मात्र म्हणतो की वेष्टन शाबूत आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही.

ही शंका मी एका टेलिग्राम गटात विचारली, तर दहा मिनिटांत तिघांचे खासगी निरोप आले. तिघांच्याही चित्रात कंपनीचे बोधचिन्ह होते आणि तिघांनीही तेच सांगितले: एक दुवा देतो, त्यावर आपले २४ शब्द भरून वॉलेट ‘व्हॅलिडेट’ करून घ्या. मी काही भरले नाही, परंतु इतक्या अदबीने बोलणारी माणसे पाहून क्षणभर मोह झाला हे कबूल करतो.

तेव्हा जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. हे यंत्र वापरावे की परत करावे? एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये नाणी हलवली तर त्यावर कर लागतो का? आणि यूएसडीटी विकून टाकावेत असा विचार आहे. एक ओळखीचा गृहस्थ बाजारभावापेक्षा प्रत्येकी दोन रुपये जास्त देऊन घेणारा ‘पार्टी’ आणून देतो म्हणतो, तो मार्ग बरा आहे का? शब्द घरात कसे जपावेत, याबद्दलही कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद १

आपल्या मुलीने विचारलेला प्रश्नच या सगळ्याचे उत्तर आहे. कृपया त्या वॉलेटमध्ये एक पैसाही पाठवू नका.

बँकेच्या पिनची तुलना येथे फसवी ठरते, ती का हे समजून घेतले पाहिजे. पिन कोणाच्या हाती लागला तरी त्याला कार्डही लागते, दररोजची मर्यादा असते आणि फोन करून कार्ड बंद करता येते. हे २४ शब्द म्हणजे पिन नसून तीच तिजोरी आहे. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून ते निवडले जातात आणि त्यांच्यापासून आपल्या सर्व पत्त्यांच्या किल्ल्या गणिताने तयार होतात. ज्याच्याकडे ते शब्द आहेत, तो जगात कोठेही, कोणत्याही यंत्रावर तेच वॉलेट उघडू शकतो. त्याला आपले यंत्र लागत नाही आणि त्याला अडवायला मध्ये कोणती बँकही नसते. म्हणून अस्सल यंत्र हे शब्द स्वतः तयार करते, आपल्यासमोर स्वतःच्या छोट्या पडद्यावर दाखवते आणि कोऱ्या कार्डावर ते आपल्या हाताने लिहून घ्यायला सांगते. छापील शब्द आले, म्हणजे ते छापणारा आपण रक्कम भरण्याची वाट पाहत बसला आहे. वेष्टनाचे म्हणाल, तर ते चढवण्याचे यंत्र कोणत्याही मिठाईच्या दुकानात असते.

यंत्र मूळ स्थितीला आणून नवे शब्द तयार करता येतील, परंतु ज्याने कार्ड बदलले त्याने आत आणखी काय केले आहे हे आपल्याला घरबसल्या कळणार नाही, म्हणून परत करणेच शहाणपणाचे. नवे यंत्र उत्पादकाच्या संकेतस्थळावरून किंवा त्यांनी तेथे नाव दिलेल्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या.

ते आल्यावर आधी अगदी थोडी रक्कम पाठवा. मग यंत्र मुद्दाम पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून वॉलेट परत उभे करा. ती थोडी रक्कम पुन्हा दिसली तरच उरलेले पाठवा. हा खटाटोप फार थोडे लोक करतात आणि नेमका आठवा शब्द चुकीचा लिहिला गेला होता हे त्यांना तीन वर्षांनी कळते. पत्ता यंत्राच्या पडद्यावर संपूर्ण ताडून पाहा, केवळ पहिली आणि शेवटची चार अक्षरे नव्हे. आपल्या जुन्या पत्त्याशी दोन्ही टोके जुळणारा पत्ता तयार करून त्यावरून क्षुल्लक व्यवहार पाठवायचा, म्हणजे पुढच्या वेळी आपण यादीतून तोच उचलू, ही आता नेहमीची युक्ती झाली आहे.

करासंबंधी: स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवणे ही विक्री नाही, त्यामुळे त्यावर कर नाही, एक्स्चेंजचे काढण्याचे शुल्क तेवढे जाईल. मात्र खरेदीच्या नोंदी आत्ताच उतरवून ठेवा. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून खरेदी किमतीखेरीज काहीही वजा होत नाही, एका नाण्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही नाही. ती किंमत दाखवता आली पाहिजे.

प्रतिसाद २

दोन रुपये जास्त देणाऱ्या पार्टीबद्दल मी सांगतो. मी एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि अशी गोठवलेली खाती टेबलावरून गेलेली आहेत.

ते दोन रुपये कोठून येतात हा प्रश्न आधी विचारा. पुष्कळदा दूर कोठेतरी एखाद्याची फसवणूक झालेली असते आणि त्याचा पैसा दोन-तीन खात्यांतून फिरवून घाईने क्रिप्टोत बदलायचा असतो. आपल्या खात्यात येतो तो हा पैसा. फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करतो, पैशाचा माग काढत परराज्यातील सायबर पोलिसांचे पत्र आपल्या शाखेत येते आणि आपण काहीही गैर केलेले नसताना रक्कम, कधीकधी पूर्ण खाते, अडकते. पेन्शन त्याच खात्यात येत असेल तर हाल विचारू नका. आपल्याला एवढेच विकायचे असेल तर एफआययूकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणारी केंद्र सरकारची शाखा) नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवरच सरळ बाजारभावाने विका; १ टक्का टीडीएस कापला जाईल, तो विवरणपत्रात दिसतो. आणि समोरासमोर विकायचेच असेल, तर ज्या नावाने सौदा आहे त्याच नावाच्या खात्यातून पैसे आले नाहीत तर नाणी सोडू नका, ‘भावाच्या खात्यातून टाकतो’ असे कोणी म्हटले तरी.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. यंत्र आज परत पाठवले. विक्रेत्याने कारणही विचारले नाही आणि तासाभरात पैसे परत देण्याचे कबूल केले, हे मला थोडे विचित्रच वाटले. ते खरवडलेले कार्ड मात्र ठेवून घेतले आहे आणि विक्रीच्या पानाच्या चित्रासह सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. यूएसडीटीच्या गृहस्थांना नाही म्हणून कळवले. ते जरा रागावले.

शब्दांबद्दलचा प्रश्न अजून उरला आहे. मुलीने सुचवले होते की फोनमध्ये छायाचित्र काढून ठेवू, पण तिचे सर्व फोटो आपोआप इंटरनेटवर जातात, म्हणून तो विचार सोडला. एक प्रत घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी आणि यंत्राचा पिन दोन्हीकडे लिहू नये, असे मनात आहे. पत्नीला ही वस्तू काय आहे आणि कोठे आहे एवढे सांगितले आहे. परंतु आमचे घर जुने आहे, पावसाळ्यात कपाटातील कागदांना ओल धरते. सातबाऱ्याची जुनी नक्कल तशीच गेली. पोलादी पट्टीवर शब्द ठोकून घेतात असे वाचले. कोणी स्वतः घरी ठोकले आहेत का, आणि त्यासाठी कोणते ठसे लागतात?

प्रतिसाद ३

मी ठोकले आहेत. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांच्या ठशांचा संच मिळतो, तीन मिलिमीटरचा घ्या. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरे पुरतात, कारण त्या यादीत पहिली चार अक्षरे सारखी असलेले दोन शब्द नाहीत. पट्टी स्टेनलेस स्टीलची घ्या, आणि हे काम दुकानदाराकडून करून घेऊ नका, स्वतःच करा.